अकरा कामांची यादी फ्रिजवरून काढा, आधी पाण्याचा हिशेब करा

पत्र: पाव एकराचा तुकडा घेतला त्याला दीड वर्ष झालं. आम्ही दोघं नोकरी करतो, सकाळचा एखादा तास आणि रविवार एवढाच काय तो वेळ. पहिल्याच सीझनला हौसेने सगळीकडे लावून टाकलं, १४ फळझाडं, साठेक भाजीची रोपं, कोपऱ्यात कंपोस्टचा ढीग. १४ मधली ९ झाडं मेली. टोमॅटो आले पण बुडाकडून काळे पडले. ढिगाला घाण वास येतो. माती चिकण आहे, ओली असली की बुटाला चिकटते आणि सुकली की विटेसारखी. शेणखताची ट्रॉली टाकली तर घेवड्याची पानं आखडून वाटीसारखी झाली. सासरे म्हणतात ट्रकभर वाळू टाका, नवऱ्याला ग्रीनहाउस उभं करायचंय, मुलीला कोंबड्या हव्यात. फ्रिजवर ११ कामांची यादी लावलीये आणि ती बघितली की मला आता रडू येतं. आम्हाला हे जमणारच नाही का? जमणार असेल तर पुढचं काम कुठलं धरू? ता.क. कंपोस्टच्या ढिगावर आपोआप भोपळ्याचा वेल आलाय, फळंही धरलीत, ती खाऊ का?

उत्तर: ताई, ९ झाडं गेली हे वाचून खरंच वाईट वाटलं. मी स्वतः एका वर्षात ७ कलमं घालवलीत, त्यातली दोन तर सव्वा वर्ष जगली आणि मग गेली, त्यामुळे सकाळी उठून वाळलेली काडी बघणं काय असतं ते मला माहितीये. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात तुमच्या हाताचा दोष कुठे दिसला नाही. क्रम चुकलाय. तुम्ही लावायला आधी सुरुवात केलीत आणि पाणी, माती, कुंपण यांचं बघू नंतर असं ठेवलंत, जवळजवळ सगळेच जण असंच करतात कारण रोप हातात असतं आणि छपराचं पाणी ड्रममध्ये आणणारी पन्हळ कुणाच्या हातात नसते.

तर पहिलं काम पाणी. कागद-पेन घ्या आणि हा हिशेब नवऱ्यासोबत बसून करा. भाजीच्या वाफ्याला साधारण आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी लागतं, कडक ऊन असेल तर जास्त, पण २५ धरा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर, म्हणजे १ चौरस मीटर वाफ्याला आठवड्याला २५ लिटर. १० चौरस मीटरला २५० लिटर. आणि १०० चौरस मीटरला अडीच हजार लिटर, दर आठवड्याला, तेही तुम्ही झारीने घालणार, सकाळच्या एका तासात, नोकरीला जायच्या आधी. झारी १० लिटरची असेल तर २५० फेऱ्या होतात ताई. तुमची साठ रोपं पाव एकरभर पसरलेली होती, त्यांना पाणी पुरेसं मिळालं नाही यात नवल काय, कुणालाच पुरवता आलं नसतं.

आता हाच हिशेब छपराला लावा. समजा घराचं छप्पर वरून बघितलं तर १० बाय ६ मीटर आहे, म्हणजे ६० चौरस मीटर, त्यावर १० मिलिमीटरची एक सर आली की ६०० लिटर पाणी पडलं, त्यातलं उडून सांडून जातं ते सोडलं तरी ४८० च्या आसपास हाती लागतं. म्हणजे २०० लिटरचे दोन ड्रम एका सरीत भरून वाहायला लागतात. पण दोन ड्रम म्हणजे १० चौरस मीटर वाफ्याला जेमतेम दीड आठवडा. त्यामुळे ड्रम घेतला की पाण्याची चिंता मिटली असं नाही होत, तो दोन पावसांच्या मधली ओढ भरून काढायला आहे, मोठा उन्हाळा काढायला नाही. वाफा किती मोठा करायचा हे आता तुमचं तुम्हालाच दिसेल, तुमच्याकडे खात्रीचं पाणी आठवड्याला जितके लिटर, भागिले २५, तेवढे चौरस मीटर लावा. हौस कितीही असली तरी त्याच्या पुढे जाऊ नका.

ड्रम ठेवण्याबद्दल जरा जास्त बोलते कारण इथे माणसाला इजा होऊ शकते. भरलेला २०० लिटरचा ड्रम २०० किलोच्या वर जातो. मी पहिला ड्रम सुट्या विटा रचून त्यावर ठेवला होता, दोन दिवस पाऊस लागला, खालची माती भिजून मऊ झाली आणि रात्रीत ड्रम कलंडला, तोटी तुटली, शेजारचा वाफा वाहून गेला. दिवसा झालं असतं आणि तिथे पोर खेळत असतं तर, हा विचार अजून येतो. त्यामुळे आधी जमीन ठोकून सपाट करा, खडी घाला, मग सिमेंटचा पक्का ओटा, आणि ड्रमला भिंतीला पट्टा. जितका उंच ठेवाल तितका जोर मिळेल पण फार अपेक्षा ठेवू नका, १ मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब येतो, झारी भरायला आणि साध्या कमी दाबाच्या ठिबकला तेवढा पुरतो, स्प्रिंकलर त्यावर चालत नाही. वर बारीक जाळी पक्की बसवा, नाहीतर डास अंडी घालतात आणि गरम हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांची नवी पिढी उडते. ड्रम गडद रंगाचा घ्या, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. जास्तीचं पाणी बाहेर काढायला वरच्या बाजूला पाइप लागतो आणि तो घराच्या पायापासून लांब सोडायचा. ड्रम जुना असेल तर आधी त्यात काय होतं ते कळल्याशिवाय आणूच नका, खाण्याचा माल होता म्हणून खात्री असेल तरच. आणि हे पाणी प्यायचं नाही, पालेभाजीलाही पानांवर न ओतता बुडाशी घालायचं.

पाणी झालं की जागा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल, तोटीपासून दहा-पंधरा पावलांवर असेल आणि दिवसाचं ६ ते ८ तास ऊन लागेल अशी जागा शोधा. खिडकीतून दिसणं मी मुद्दाम म्हणतेय, लांबच्या कोपऱ्यातला वाफा रविवारी आठवतो आणि तोवर अळीने आठवडाभर खाल्लेलं असतं. तिथे १.२ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब असे दोन गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करा, मध्ये अर्धा मीटर वाट. १.२ मीटर यासाठी की दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही, आणि चिकण मातीत पाय न ठेवणं हेच निम्मं काम आहे. चौकटीला फळ्या लागतातच असं नाही, वाटेची वरची माती उचलून वाफ्यावर टाकली तरी तो वर येतो. फळ्या लावायच्याच असतील तर रेल्वेचे जुने स्लीपर नकोत, त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरतात ते विषारी डांबरी तेल, पाजलेलं असतं, ते भाजीच्या मातीजवळ नको. झाले की जवळजवळ १० चौरस मीटर, म्हणजे तुमचे २५० लिटर. या वर्षी भाजी एवढीच.

उरलेल्या जमिनीचं काय, तर गवत वाढू द्या आणि कापत राहा. उघडी जमीन ठेवू नका म्हणजे झालं.

आता सासऱ्यांची वाळू. त्यांना नीट, हिशेब दाखवून सांगा, कारण बोलतात ते चांगल्या मनाने आणि कुंडीत वाळू घालून फायदा झालेला त्यांनी पाहिलाही असेल. पण जमिनीत चिकणमातीचा स्वभाव बदलायचा तर वाळू निम्म्याच्या आसपास घालावी लागते. तुम्ही १०० चौरस मीटर २० सेंटिमीटर खोल सुधारायचं म्हटलं तर माती झाली २० घनमीटर, त्यात १० घनमीटर वाळू, म्हणजे साधारण १६ टन. त्याहून थोडी घातली तर चिकणाचे बारीक कण वाळूच्या दाण्यांमधल्या फटी भरून टाकतात आणि जमीन होती त्याहून घट्ट बसते, आणि घातलेली वाळू परत काढता येत नाही. त्यापेक्षा दर वर्षी वाफ्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा कुजलेला पालापाचोळा किंवा तयार कंपोस्ट पसरा, तुमच्या १० चौरस मीटरला अर्धा घनमीटर पुरतं, आणि खणून मिसळायची पण गरज नाही, गांडुळं खाली नेतात. चिकणमाती वाईट नसते हो, अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात तिच्यासारखी माती नाही, तिला फक्त हवा हवी असते. एक गोष्ट मात्र पाळा, ओली असताना तिला हात लावायचा नाही. मूठभर माती घेऊन गोळा करा, बोटाने टोचल्यावर फुटला तर काम करा, नुसता खड्डा पडला आणि गोळा तसाच राहिला तर घरात जा. ओल्या चिकणमातीवर एकदा फावडं चालवलं की जी ढेकळं होतात ती सीझनभर पिच्छा सोडत नाहीत.

मुलीला एक काम द्या, काचेच्या उंच बरणीत एक तृतीयांश माती भरायची, वर पाणी, झाकण लावून खूप हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा म्हणजे बारीक गाळ तास-दोन तासांत, आणि चिकण बसायला एक दिवस किंवा जास्तही लागतो. थरांवर खुणा करून पट्टीने मोजलं की कशात किती ते दिसतं. आणि जिथे झाड लावायचंय तिथे ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरायचा, ते जिरलं की पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या वेळी तासाला किती उतरतं ते बघायचं. २ ते ५ सेंटिमीटर उतरलं तर छान. दुसऱ्या दिवशी पण पाणी तसंच दिसलं तर तिथे झाड लावू नका, किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा.

याच्यावरून तुमच्या झाडांकडे येते. मेलेली अजून उभी असतील तर ती फेकू नका, उपटून मुळं बघा, तुम्हाला उत्तर तिथेच मिळेल. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास असेल तर झाड बुडून मेलं. कोरडी, कडक, मोडणारी असतील तर तहानेने. आणि मुळांचा गोळा अजून पिशवीच्या आकाराचाच असेल, मुळं गोल गोल फिरलेली असतील, तर ते झाड तुमच्या जमिनीत कधी शिरलंच नाही. माझी दोन सव्वा वर्ष जगलेली कलमं अशीच होती, पिशवी काढली आणि तशीच ठेवून दिली, मुळं सोडवलीच नाहीत. तुमच्या मातीत माझा अंदाज पहिल्या कारणाचा आहे. आपल्याला वाटतं खोल खड्डा, त्यात भरपूर खत, म्हणजे झाड खूश. पण चिकण मातीत असा खड्डा बादलीसारखा होतो, आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन साठतं, आतली मऊ माती खाली बसते, झाड तिच्यासोबत खाली जातं, बुंधा मातीत गाडला जातो. त्यापेक्षा खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल ठेवा, पण रुंदी दुप्पट-तिप्पट, बाजू फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून घ्या, काढलेली तीच माती परत भरा आणि खत वरून आच्छादनात, म्हणजे मातीवर पसरलेल्या पाचोळ्यात, द्या. बुंधा जिथे रुंद होऊन मुळं सुरू होतात ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे, चिकण मातीत तर ३ ते ५ सेंटिमीटर वरच. कलमाचा जोड मातीत जाता कामा नये.

जी ५ जगलीत त्यांच्याकडे या रविवारी जा, बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करा, १ मीटर व्यासाचं गवत काढा आणि ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका, वीतभर जागा सोडा. पाणी रोज थोडं थोडं नको, बोट घालून माती खोलवर कोरडी लागली की एकदम १५-२० लिटर सावकाश. नवीन झाडं यंदा दोनच लावा, जास्तीत जास्त तीन, आणि लावायच्या आधी त्यांच्याभोवतीची जाळी तयार पाहिजे, गुरांनी नाहीतर सशाने एका रात्रीत साल खाल्ली की दोन वर्षांचं गेलं. फळझाडाला फळ धरायला साधारण ३ ते ५ वर्षं लागतात, म्हणून सगळं थांबवा म्हणत असताना झाडांना पूर्ण थांबवा असं नाही म्हणत मी, दोन दोन करत लावत जा.

शेणखताचं मात्र मला काळजीचं वाटतंय. पानं वाटीसारखी आखडणं कधी मावा किंवा विषाणूमुळेही होतं, पानाच्या मागे आधी भिंगाने बघून घ्या. पण खत टाकल्यावरच झालं म्हणता, तर दुसरी शक्यता तणनाशकाची आहे. कुरणावर मारतात ती काही तणनाशकं, क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड अशी, गवताला काही करत नाहीत, फक्त रुंद पानाच्या झाडांना मारतात. जनावर ते गवत खातं, औषध पोटातून तसंच शेणात येतं, आणि ढीग कुजला तरी बराच काळ टिकतं. घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांना अगदी थोडंसं पण पुरतं. तपासणी घरीच करता येते: तीन कुंड्यांत निम्मं ते खत आणि निम्मी स्वच्छ माती, तीन कुंड्यांत नुसती स्वच्छ माती, सगळ्यांत घेवड्याचं बी, आणि तीन-चार आठवडे वाट बघायची. खताच्या कुंड्यांमध्येच नवी पानं आखडली तर उरलेलं खत भाजीला वापरू नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका, गवतावर पसरा. ज्या मातीत ते गेलंय तिथे एक सीझन मका लावा, त्याला त्रास होत नाही, पण ती ताटं पण कंपोस्टमध्ये नकोत, आणि पुढच्या सीझनला पुन्हा कुंडीत घेवडा लावून बघा. कुठूनही नवीन खत आणलं की आधी ही तपासणी, मी आता न चुकता करते. आणि ताजं शेण असेल तर ते टाकल्यापासून मातीला टेकणारी भाजी काढायला निदान ४ महिने जाऊ द्या, पोटाचे आजार त्यातून येतात.

ढिगाचा वास कसला ते लिहिलं नाहीत. सडक्या अंड्यासारखा असेल तर हवा नाही, फार ओलं झालंय. नाकात झोंबत असेल तर हिरवा कचरा किंवा शेण जास्त. दोन्हीला औषध एकच, ढीग उलटा आणि सुका पाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळा. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला सुक्याच्या दोन-तीन बादल्या हा अंदाज ठेवा, आणि मुठीत दाबल्यावर पिळलेल्या स्पंजसारखं लागलं पाहिजे, पाणी गळता कामा नये. ढीग सगळीकडून १ मीटर झाला की आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, त्याहून लहान ढीग पण कुजतो पण सावकाश.

टोमॅटोचं बूड काळं पडणं हा रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून होतं, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते पाण्यासोबत वर जातं, आणि पाणीच एक दिवस भरपूर चार दिवस नाही असं झालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. फवारण्या विकत आणू नका. आच्छादन आणि नियमित पाणी, बस.

ग्रीनहाउस यंदा नको, नवऱ्याला माझं नाव सांगा हवं तर. बंद जागेत रोपांना रोज पाणी आणि रोज हवा लागते, एका दुपारी दार उघडायचं राहिलं तर सगळं शिजतं. त्यांना बांधायची हौस आहे ना, मग ड्रमचा ओटा आणि पन्हळी त्यांच्याकडे, झाडांच्या जाळ्या त्यांच्याकडे, आणि त्यानंतर कोंबड्यांचं खुराडं. मुलीला सांगा कोंबड्या पुढच्या वर्षी नक्की, पण खुराडं आधी पूर्ण होणार आणि मग कोंबड्या येणार, उलटं नाही. आत एका कोंबडीला निदान पाव ते अर्धा चौरस मीटर, बाहेर फिरायला १ चौरस मीटर किंवा जास्त, वरच्या बाजूला हवा खेळती, आणि जाळी १२ मिलिमीटरच्या भोकांची वेल्ड केलेली. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते पण बाहेरून शिकारीला येणाऱ्या जनावराला अडवत नाही. खाली उकरून आत येणाऱ्यांसाठी जाळी ३० सेंटिमीटर जमिनीत किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून पुरायची. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ कोण बघणार हे आत्ताच ठरवा, सुट्टीला गावाला जाल तेव्हाचं सुद्धा.

तर यादी फ्रिजवरून काढा आणि एका वहीत ठेवा, फाडू नका. फ्रिजवर यंदा तीनच ओळी: पाणी, दोन वाफे, पाच झाडं. आधी पाणी, ते झाल्याशिवाय वाफ्याला हात नाही.

आणि भोपळा. आपोआप आलेल्या वेलाचं बी कशाशी संकर झालेलं आहे ते कळत नाही, भोपळा-काकडीच्या कुळात संकर झाला की कधीकधी फळात कडू विषारी द्रव्य उतरतं आणि ते शिजवून जात नाही. फळ तयार झालं की कापा, कच्चा अगदी नखाएवढा तुकडा जिभेला लावा, गिळू नका. कडू नसेल तर खुशाल खा. जरा जरी कडवट लागलं तर थुंका, चूळ भरा, ते फळ कुणालाच देऊ नका, कोंबड्या आल्या तरी त्यांनाही नाही, वेल उपटून टाका आणि त्याचं बी ठेवू नका.